ग्रीन कार्डसाठी प्रशिक्षणाचा पुरावा
(अमेरिका : ईबी-३, कुशल कामगार)

● किमान अट : २ वर्षांचे प्रशिक्षण किंवा अनुभव लागणारे कायमस्वरूपी काम. शालेय शिक्षणानंतरचा संबंधित अभ्यासक्रमही प्रशिक्षण म्हणून ग्राह्य धरता येतो.

● अर्ज : नोकरी देणारी कंपनी 'आय-१४०' भरते.

● पत्र : प्रशिक्षण दिल्याच्या पत्रात प्रशिक्षकाचे नाव, पत्ता, हुद्दा आणि काय शिकवले याचे नेमके वर्णन हवे. पत्र मिळणे अशक्य असल्यास इतर कागदपत्रांचा विचार होतो.

● तारीख : कंपनीचा श्रम प्रमाणपत्राचा (लेबर सर्टिफिकेशन) अर्ज अमेरिकी श्रम खात्याकडे दाखल होईपर्यंत त्यातील सर्व अटी पूर्ण झालेल्या हव्यात.

● आपल्याकडे : आयटीआयचे फिटर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम २ वर्षांचे आहेत. प्रमाणपत्रासोबत अभ्यासक्रमाचा तपशील आणि संस्थेचे सविस्तर पत्र वेळीच मिळवून ठेवा. शिक्षक निवृत्त झाल्यावर किंवा संस्था बंद पडल्यावर ते मिळवणे फार अवघड जाते.