सुईत दोरा ओवणाऱ्या मुली

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात जळकोट तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा. बांधावर, कुंपणावर, विहिरीच्या कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे गोधड्या वाळत घातलेल्या दिसतात. आमच्याकडे याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घरातलं झाडून सगळं कापड बाहेर निघतं, सोड्याच्या पाण्यात भिजतं, दगडावर आपटलं जातं. ओली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पिळतात. वर्षभर वलणीवर घडी होऊन पडलेली गोधडी या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण उलगडते आणि मग बायका एकमेकींच्या गोधड्या बघतात. काठ कुणाच्या लुगड्याचा, मधला निळा तुकडा कुणाच्या सदऱ्याचा, टाका कुणाचा बारीक, कुणाचा ढोबळ, यावर बोलणं होतं. नव्या सुनेच्या हाताची पारख इथेच होते.

जळकोट हा बालाघाटाच्या डोंगररांगेतला, लातूर जिल्ह्याच्या कडेचा तालुका. 1999 साली तो वेगळा झाला. त्याआधी इथली बरीच गावं उदगीर तालुक्यात होती. पलीकडे नांदेड जिल्हा लागतो. जमीन हलकी, मुरमाड, शेती पावसाच्या भरवशावर, आणि गावांच्या मधे मधे बंजाऱ्यांचे तांडे. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. त्या ट्रॅक्टरमध्ये पीठ, भांडी, कोयते, लेकरं आणि गोधड्या एवढाच संसार असतो. पालात थंडी अडवायला दुसरं काही नसतं. ज्वारीच्या जागलीवर, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाताना गाडीत, बाळंतिणीच्या खाटेवर, आजारी माणसाच्या अंगाखाली, सगळीकडे तीच. म्हणून गोधडीकडे ‘लोककला’ म्हणून बघायला मला अवघड जातं. ती आधी गरज आहे. सुंदर ती हाताच्या सवयीनं होते.

गोधडी घालायचा काळ म्हणजे चैत्र-वैशाख. सुगी संपलेली असते, मृगाला अवकाश असतो, दुपारी शेतात जायची सोय नसते. लिंबाच्या सावलीत किंवा ओसरीवर जमीन झाडून आधी खालचं लुगडं अंथरतात. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते कापून जोडलं की एका मोठ्या गोधडीचा तळ निघतो. त्यावर ‘पोट’ भरायचं: फाटकी धोतरं, विरलेल्या चादरी, बनियनी, शाळेचे जुने गणवेश. हे काम दिसतं सोपं, पण गोधडी बिघडते ती इथेच. एका ठिकाणी चार पदर आणि शेजारी दोन असं झालं, तर गोधडी गुठळ्यांची होते आणि अंगाला टोचते. म्हणून जाणती बाई प्रत्येक तुकडा तळहातानं सारवल्यासारखा पसरते, शिवणींचे जाड भाग कापून टाकते, बटणं उसवून डब्यात ठेवते. वर दुसरं लुगडं आलं की चार कोपऱ्यांवर दगड किंवा तांबे ठेवतात, लांब लांब कच्चे टाके मारून सगळं टाचून घेतात आणि मग खरी शिलाई सुरू होते.

टाका एकच, धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत आत मध्यापर्यंत यायचं, किंवा सरळ ओळी मारत जायच्या. दोन ओळींत बोटाचं अंतर, फार झालं तर दोन बोटांचं. बाई गोधडीवरच बसते. शिवणारीच्या वजनानं कापड जागचं हलत नाही. तीन-चार जणी मिळून बसल्या तर प्रत्येकीकडे एक बाजू येते आणि मध्याकडे सरकताना त्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की बोलणं आपोआप खाजगी होतं. दोरा कुठे तुटला तरी शेजारची ओळ कापड धरून ठेवते, म्हणून ही साधी शिलाई वर्षानुवर्षं धुणं आणि आपटणं सोसते. ऊब येते ती पदरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे.

आणि या सगळ्यात मुलगी कुठे असते? ती सुईत दोरा ओवते.

मला यात या कलेची सगळी रचना दिसते. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं; त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’च म्हणतो. गोधडी उत्तम घालणारी बाई बहुधा त्या वयापलीकडची असते. तिचा हात पक्का असतो, पण सुईचं नेढं तिला दिसत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला ते लख्ख दिसतं. “माय, एवढा दोरा ववून दे गं,” अशी हाक येते आणि पोरगी खेळ सोडून येते. दोरा संपेपर्यंत पुन्हा पळण्यात अर्थ नसतो, म्हणून ती तिथेच टेकते. टेकली की बघते. बघता बघता तिला कळतं की दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला तर गुंतेल. गाठ पोटात लपवायची. सुई उभी घालायची, मग आडवी करायची. कुणी तिला शिकवायला बसलेलं नसतं. तिची गरज होती म्हणून ती तिथे होती. शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. मूल उपयोगी पडतं तेव्हा ते मन लावून बसतं, आणि त्याला ते आवडायलाही लागतं.

माझी लेक चौथीत आहे. तिनं माझ्या आईच्या सुया ओवायला सुरुवात केली तेव्हा ती पहिलीत होती. पुढे तिला स्वतःची सुई हवी झाली. आईनं तिला बोथट, मोठ्या नेढ्याची सुई आणि पोत्याचा तुकडा दिला. पोत्याची वीण सैल असते, सुई कुठून आत गेली आणि कुठून वर आली ते डोळ्यांना दिसतं. त्यानंतर बाहुलीची गोधडी, तळहाताएवढी. त्यानंतर चुलत भावाच्या बाळासाठी दुपटं. बाळाला पहिलं कापड जुनं, धुऊन मऊ झालेलं घालायचं ही आपली जुनी रीत. सुताचं जुनं कापड नव्यापेक्षा मऊ आणि घाम टिपणारं असतं, यात अंधश्रद्धेचा भाग नाही. दुपट्यावरचे तिचे टाके वाकडेतिकडे होते. मी ते उसवायला निघाले तेव्हा आईनं मला थांबवलं. “लेकराच्या अंगाला टाका टोचत नाही ना? मग राहू दे.” गोधडीत चुकीची व्याख्या एवढीच असते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर धावदोरा, टीप, साखळी टाका सगळं शिकवतात आणि गुण देतात. ते चांगलंच आहे. पण रुमाल कुणीही वापरत नाही, आणि दुपट्यात बाळ झोपतं.

आता अडचणीकडे येते. ती मुलींच्या उत्साहाची नाही, कापडाची आहे. गोधडीला सुती कापड लागतं आणि घरात सुती कापड उरलेलं नाही. माझ्या आजीच्या पिढीत इरकल किंवा साधं सुती लुगडं रोजच्या वापरात होतं. ते दोन-तीन वर्षांत विरायचं आणि गोधडीला योग्य व्हायचं. नंतर पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या स्वस्त, धुवायला हलक्या, वाळायला लवकर, आणि शेतात राबणाऱ्या बाईनं त्या का घ्याव्यात हे मला पूर्ण समजतं. पण त्या विरत नाहीत. त्या घाम टिपत नाहीत, एकावर एक ठेवल्या की निसटतात, सुईला घसरतात आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून आखडतात. अशा साड्यांची गोधडी उन्हाळ्यात अंगाला चिकटते. आज बऱ्याच घरांत तळ आणि वर पॉलिस्टर, पोटात जमेल तेवढं सूत अशी तडजोड चालते. दुसरीकडे दुकानात पानिपतची गुबगुबीत ब्लँकेटं आहेत. पिंजारी धुनकी घेऊन दारावर येण्याचे दिवसही सरत आले.

याच मुलखाचं एक वैभव इथे सांगितलं पाहिजे. ज्या उदगीरमधून जळकोट वेगळा झाला, तिथल्या खादी केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे ध्वज तयार होतात. स्वामी रामानंद तीर्थांचा वारसा सांगणारी ही संस्था. तिथे छोट्या ध्वजापासून 14 बाय 21 फुटांच्या प्रचंड ध्वजापर्यंत तीन पट्ट्या मोजून मापून शिवल्या जातात. देशाच्या ध्वजाचं सूत ज्या भागात विणलं जातं, त्या भागातल्या बाईला गोधडीपुरतं सूत मिळू नये, याचं मला वाईट वाटतं.

तांड्यावर हाच वारसा वेगळ्या रूपात आहे. गोरबंजारा बायकांची कांचळी आणि फेटिया म्हणजे तुकडेजोड, आरसे, कवड्या आणि भरतकाम यांचा मेळ. तिथेही मुलगी आईजवळ बसून टाके शिकते. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि जुलै 2023 मध्ये हंपीला या कामाच्या 1755 वस्तूंचं प्रदर्शन भरून गिनेस विक्रम झाला. आमच्याकडच्या तांड्यांवर तोच हात आहे. त्याच्याकडे अजून कुणाचं तसं लक्ष गेलेलं नाही.

गोधडीचं लेखी कौतुक मात्र झालं आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी राज्यभर हिंडून महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं. ते एका फ्रेंच प्रकाशनानं काढलं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात आणि कोपऱ्यांना घडी घातलेली त्रिकोणी ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. त्यांच्यावर हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकानं काम केलं. त्याहून लांबची गोष्ट अलाबामातल्या जीज बेंडची. नदीच्या वळणात अडकलेली ती कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती. तिथल्या बायकांनी कापसाच्या शेतात विरलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या केल्या, आयांनी लेकींना शिकवल्या. 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतींवर टांगल्या गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेनं त्यांची टपाल तिकिटं काढली. त्या गोधड्यांची छायाचित्रं मी आईला दाखवली. तिनं रंगांबद्दल काही म्हटलं नाही. “पोट सपाट भरलंय,” एवढंच म्हणाली, आणि ती तिच्याकडून मोठी शाबासकी होती.

चिंध्यांना मान मिळवून देणारा माणूस आपल्याकडेही होऊन गेला. अंगावर ठिगळांची गोधडी पांघरून गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे.

मशीनचंही सांगते, कारण लेकीला त्याची ओढ सुईपेक्षा जास्त आहे. एलियस हाव यांनी 1846 साली आणि आयझॅक सिंगर यांनी 1851 साली अमेरिकेत शिलाई मशीनची पेटंटं घेतली. मोठी युक्ती सुईत होती. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सुई वरचा दोरा खाली नेते, तिथे शटल बॉबिनच्या दोऱ्याला त्यात अडकवतं आणि दोन दोऱ्यांची मिठी कापडाच्या मध्यावर बसते. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी या यंत्राला अपवाद केलं होतं. 1924 साली ‘यंग इंडिया’त आलेल्या संवादात त्यांनी सांगितलं की बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरनं प्रेमापोटी ते बनवलं. इतिहास इतका सरळ नाही. पण शिवण कुणासाठी तरी असतं, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

आमच्याकडे हातानं चाक फिरवायचं मशीन आहे. मुलांना पायडलपेक्षा तेच बरं. वेग त्यांच्या हातात राहतो. दोरा न घालता आधी रेघांच्या वहीच्या कागदावर सुई चालवायची, रेघ पकडता आली की कापड. वरचे तुकडे जोडायला मशीन उत्तम. पण भरलेली गोधडी त्याच्या पायाखाली मावत नाही, आणि मावली तरी उजव्या बाजूला एवढी गुंडाळी कोंबायला जागा नसते. तिथे हातसुईच लागते आणि अर्थात सुई ओवून द्यायला कुणीतरी.

बाजारात आता हातशिलाईच्या गोधड्यांना मागणी आहे. बचत गटांच्या बायका त्या करतात, शहरात त्या चांगल्या किमतीला जातात. कष्टाचे पैसे मिळतात याचा मला आनंद आहे. मात्र त्या नव्या कोऱ्या कापडाच्या असतात, ठरलेल्या मापाच्या आणि ठरलेल्या रंगांच्या. लेकराचा टाका तिथे चालत नाही, मालाला चालणारही नाही. म्हणून प्रत्येक घरानं वर्षाला एक गोधडी स्वतःसाठी घालावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सुती कपडे आजपासून वेगळे काढायला हवेत: शाळेचा सुती गणवेश, आजोबांची धोतरं, जुन्या चादरी, उशांचे अभ्रे. आणि पोरांनाही बसवावं. गावोगावचे शिंपी पुरुषच होते, नामदेवांच्या घरातही सुईच चालत होती.

येत्या चैत्रासाठी आमचं पोतं भरत आलं आहे. लेकीचा हिरवा फ्रॉक वरच्या बाजूला मधोमध हवा असा तिचा हट्ट आहे. आईचं म्हणणं, त्याचं कापड अजून जाड आहे, सुई अडेल, तो पोटात जाऊ दे. दोघींचं शेवटी असं ठरलं आहे की फ्रॉक आणखी एक पावसाळा घरात वापरायचा, सोड्यात दोनदा उकळायचा आणि मग बघायचं.