परसातला पिवळा धोत्रा

पावसाळा सरून थंडी पडू लागली, की चिटगुप्प्याच्या आसपास कुंपणांच्या कडेला, पडीक जागेत व उकिरड्यापाशी एक काटेरी रोप डोके वर काढते. निळसर हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरा, पानांच्या कडांना टोकदार काटे आणि शेंड्यावर तेजस्वी पिवळे फूल. हाच पिवळा धोत्रा. पाहता पाहता तो कमरेएवढा होतो. काट्यांमुळे गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून तो निर्वेधपणे फोफावतो.

नावात धोत्रा असला, तरी खऱ्या धोत्र्याशी त्याचे नाते नाही. बोंडावर तसेच काटे, एवढ्याच साम्यावरून हे नाव पडले. वस्तुतः तो अफूच्या कुळातला. त्याची मूळ भूमी मेक्सिको व त्याच्या आसपासचा प्रदेश. फिरंगी धोत्रा हे त्याचे दुसरे नाव त्या परकेपणाचीच खूण होय. देठ मोडताच पिवळा चीक निघतो. तो डोळ्यांना लागू देऊ नये.

खरा धोका बियांत आहे. त्या काळपट व मोहरीएवढ्या असतात. मोहरीत त्यांची भेसळ झाली, तर तेलात सँग्विनरीन नावाचे विष उतरते. ते पोटात गेल्यास पाय सुजतात, दम लागतो व हृदय दुर्बळ होते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली. म्हणून सुटी मोहरी घेताना नीट निरखावी. मोहरीचा दाणा गुळगुळीत, तर धोत्र्याच्या बीवर जाळीसारखे खळगे दिसतात.

आता उपाय. एका बोंडात शेकडो बिया असतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तेव्हा फुले येण्यापूर्वीच रोप उपटावे. जमीन ओली असताना खुरप्याने सोटमूळ सैल करून ओढावे. नुसते वरून कापल्यास ते पुन्हा फुटते. बोंडे धरली असतील, तर ती प्रथम पोत्यात काढून घ्यावीत व मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, घरापासून दूर, जाळून टाकावीत. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. एरवी खताबरोबर तण शेतभर पसरेल. मोकळी झालेली जागा तशीच न ठेवता तेथे भाजी वा फुलझाडे लावावीत.

माझ्या कोकणी घरात स्वयंपाकाला खोबरेल तेल; करडई मी इकडे आल्यावरच पाहिली. तीही काटेरीच! पण शेतकरी हातापायांना फडके गुंडाळून ती काढतो आणि तिचे तेल आपल्या चुलीपर्यंत पोचते. धोत्रा उपटतानाही तसेच फडके गुंडाळावे. काटा दोघांनाही आहे. राखायचे कोणाला व उपटायचे कोणाला, हे बी ओळखून ठरवावे. विद्यार्थ्यांनो, येत्या रविवारी आपले परस एकदा डोळसपणे पाहाल ना?