पिल्लाची आई कुठंय?

सोमवारी सकाळी हजेरीपुस्तक घेऊन वर्गात आले, तर एकही मूल जागेवर नाही. अख्खी चौथी खिडकीजवळच्या बाकाला मुंग्यांसारखी चिकटलेली. मधोमध एक मुलगी, आणि तिच्या हातात एका पिल्लाचा फोटो. वडिलांनी खास स्टुडिओतून काढून आणलेला. पिल्लू म्हणजे अगदी लोकरीचा गुंडा! पिवळसर, गुबगुबीत, डोळे कसेबसे उघडे.

प्रश्नांची सरबत्ती चालली होती. नाव काय? शेरू. केवढ्याला आणलं? आठ हजाराला. चावतं का? छे! कुठली जात?

“लॅब्राडूडल!” ती ऐटीत म्हणाली.

हा शब्द पोरांना इतका आवडला, की सगळ्यांनी तो तीन-तीनदा म्हणून पाहिला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी मेंढरं आहेत. एरवी तो वर्गात फारसा बोलत नाही.

“त्याची आई कुठंय?” त्यानं विचारलं.

“आई? आईचं काय?”

“आम्ही कोकरू घेताना आधी मेंढी बघतो.”

वर्ग खो-खो हसला. मीही हसत म्हणाले, “अरे, हे कोकरू नाही. बस खाली.” आणि हजेरी सुरू केली.

मुलांनो, हे मी आज मुद्दाम लिहिते आहे. कारण त्या दिवशी वर्गात सर्वांत शहाणा प्रश्न त्यानं विचारला होता, आणि बाई असून मीच त्याला गप्प बसवलं. शिवाय ते पिल्लू विकणाऱ्या माणसाचा फोन नंबरही मीच त्या मुलीच्या वडिलांना दिला होता. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला होता. ‘घरगुती पिल्लं, परदेशी जात, केस गळत नाहीत.’ मला वाटलं, घरगुती म्हणजे चांगलंच असणार, घरगुती पापडासारखं!

शुक्रवारी ती मुलगी शाळेत आली ती रडवेली. शेरू काही खात नव्हता. उलट्या होत होत्या. दुपारनंतर रक्ताचे जुलाब सुरू झाले. वडील एसटीत कंडक्टर, ड्यूटीवर. मग शाळा सुटल्यावर मी आणि तिची आई पिल्लाला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी आधी त्याचं तोंड उघडलं. “वय काय सांगितलं तुम्हाला?”

“दीड महिना,” आई म्हणाली.

“दात बघा.” हिरड्यांतून सुईच्या टोकाएवढे दात नुकते वर येत होते. पिल्लाला दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटू लागतात. म्हणजे हे बाळ जेमतेम महिन्याचं! आईच्या दुधावरून ओढून आणलेलं.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न होता, “याच्या आईला लसी दिल्या होत्या का?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आई कुठं कोणी पाहिली होती!

रोगाचं नाव पार्वो. हा विषाणू कुत्र्यांमध्ये 1978 च्या सुमारास पहिल्यांदा आढळला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. आता पाहा, गाय व्यायली की पहिल्या दिवसांचं जे घट्ट दूध येतं, ज्याचा आपण खरवस करतो, तो चीक. कुत्रीलाही चीक येतो. आईला लस दिलेली असेल, तर रोगाशी लढायची ताकद पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात या चिकातून मिळते. ती पुढं काही आठवडे पुरते. ती ओसरू लागते तेव्हा, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांपासून, पिल्लाला स्वतःच्या लसी सुरू करायच्या असतात. शेरूच्या आईजवळच ती शिदोरी नव्हती. मग लेकराला कुठून देणार? खाण तशी माती, ही म्हण आपण वह्यांमध्ये दहा-दहा वेळा लिहून काढतो, पण अशी डोळ्यांसमोर उभी राहते तेव्हाच कळते.

दोन दिवस सलाइन लावलं. रविवारी रात्री शेरू गेला.

पुढच्या आठवड्यात मी आणि मुलीचे वडील त्या माणसाकडे गेलो. भांडायलाच निघालो होतो, खोटं कशाला सांगू? घराच्या मागं पत्र्याची शेड होती. उन्हानं पत्रा असा तापलेला, की खाली उभं राहवेना. तिथं साखळीला एक लॅब्राडॉर कुत्री बांधलेली होती. हीच शेरूची आई. बरगड्या मोजून घ्याव्यात, केस ठिकठिकाणी गेलेले, ओटी लोंबणारी. पिल्लं सगळी विकली गेली होती. आम्हाला बघून ती उठली आणि शेपूट हलवत माझा हात चाटू लागली. भांडणाचं माझं अर्धं बळ तिथंच गेलं.

तिचं वय सव्वादोन वर्षं, आणि शेरूची खेप तिसरी!

“पिल्लांचा बाप कोण?” मी विचारलं.

“आहे पलीकडच्या गल्लीत एक केसाळ कुत्रा.”

“मग लॅब्राडूडल कसं म्हणालात?”

तो माणूस काही राक्षस नव्हता. हातगाडी चालवून पोरांची फी भरणारा होता. तो सरळ म्हणाला, “बाई, नुसतं लॅब म्हटलं तर पाच हजार मिळतात. लॅब्राडूडल म्हटलं की आठ. आणि मिक्स आहे म्हटलं, तर फुकटसुद्धा कोणी नेत नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घरी येऊन मी या लॅब्राडूडलची माहिती शोधायला लागले, आणि पाहते तो काय, हेच वाक्य तिथंही होतं! फक्त ऑस्ट्रेलियात, आणि तीसहून जास्त वर्षांपूर्वी.

ती गोष्ट अशी. तिथं अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी एक संस्था आहे. वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ तिथं पिल्लांच्या पैदाशीचं काम पाहत. 1980 नंतरच्या दशकात त्यांच्याकडे हवाई बेटांवरून एक विनंती आली. एका बाईंना दिसत नव्हतं, त्यांना वाटाड्या कुत्रा हवा होता. पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी! आता काय करावं? पूडल जातीच्या कुत्र्याचे कुरळे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरन यांनी तीन वर्षांत 33 पूडल शिकवून पाहिले. एकही या कामाला उतरला नाही. शेवटी 1989 मध्ये त्यांनी लॅब्राडॉर कुत्री आणि मोठ्या जातीचा पूडल यांची पिल्लं करून पाहिली. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ विमानानं हवाईला पाठवली. नवऱ्याला त्रास झाला नाही तो फक्त एका पिल्लाचा. त्याचं नाव सुलतान. तो त्या बाईंचा चांगला वाटाड्या झाला.

उरली दोन पिल्लं. अशा पिल्लांना लहानपणी माणसांच्या घरात वाढवावं लागतं. एरवी त्यासाठी कुटुंबांची रांग असायची. पण संकरित म्हटल्यावर एक घर तयार होईना. तेव्हा कॉनरन संस्थेच्या प्रसिद्धी विभागात गेले आणि म्हणाले, लोकांना सांगा, आपल्याकडे नवी जात आली आहे, लॅब्राडूडल. बातमी आली मात्र, फोन खणखणू लागले. कुत्री तीच, केस तेच, बदललं ते फक्त नाव!

पुढं जगभर कोणीही उठावं आणि कशाचाही पूडलशी संकर करावा, असं सुरू झालं. कॉकरपू, कॅव्हूडल, नावांना तोटा नाही. कॉनरन यांनी हेतू चांगला ठेवून आणि आईबापांची तब्येत पाहून ते काम केलं होतं. नंतरच्या लोकांनी नाव आणि किंमत तेवढी उचलली. म्हातारपणी, 2019 मध्ये दिलेल्या मुलाखतीत कॉनरन म्हणाले, की आयुष्यात मला कशाचा पस्तावा होत असेल, तर याचा. सगळीच लॅब्राडूडल आजारी असतात असं नाही, पुष्कळ गुणी निघतात. पण कुठलं कसं निघेल, हे नावावरून सांगता येत नाही.

का सांगता येत नाही, त्याचा खेळ मी वर्गात घेतला. तुम्हीही घरी करून पाहा. चिंचोके घ्या, अर्धे लाल रंगवा, अर्धे पांढरे. लाल म्हणजे लॅबचा गुण, पांढरा म्हणजे पूडलचा. पहिल्या संकरात प्रत्येक पिल्लाला आईकडून एक लाल आणि बापाकडून एक पांढरा मिळतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या मुठीत एक लाल, एक पांढरा ठेवला. मग दोघादोघांच्या जोड्या केल्या. डोळे मिटून प्रत्येकानं मुठीतला एक-एक चिंचोका मध्ये टाकायचा. ते दुसऱ्या पिढीचं पिल्लू. काय झालं? कुठं दोन्ही लाल, कुठं दोन्ही पांढरे, कुठं एक-एक. मेंडेल नावाच्या साधूनं दीडशे वर्षांपूर्वी मठाच्या बागेत वाटाण्यांवर हेच पाहिलं होतं. खऱ्या कुत्र्यात असे हजारो चिंचोके असतात! त्यामुळं एकाच आईच्या पोटची भावंडं, एक कुरळं, एक सरळ केसांचं, एकाचे केस घरभर गळणारे. कुणाचे केस असे, की रोज विंचरले नाहीत तर गुंता होऊन कातडी सोलवटते.

आणि ॲलर्जीचं म्हणाल, तर ती केसांची नसतेच मुळी. ती असते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा ‘ॲलर्जी न देणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत ती प्रथिनं इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळली नाहीत.

मग मी काही चिंचोक्यांवर काळा ठिपका दिला. हा ठिपका म्हणजे डोळ्यांचा एक आजार. त्यात कुत्र्याची नजर हळूहळू जाते. एकच ठिपका असेल, तर कुत्रा ठणठणीत दिसतो, कुणाला पत्ता लागत नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन आले, की पिल्लू मोठेपणी आंधळं. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा, हा ठिपका लॅब्राडॉरमध्येही असतो आणि पूडलमध्येही! म्हणजे संकर केला की रोग गेले, असं नाही. रक्ताच्या तपासणीत तो कळतो. तपासणीला पैसे लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये ती कोण करणार?

त्या दिवशी खेळात एका जोडीचे दोन्ही ठिपके आले. वर्ग एकदम गप्प झाला.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. 2017 मध्ये केंद्र सरकारनं कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. धंदा करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, बारा महिन्यांत एकदाच, आणि जन्मभरात पाच वेळाच. त्या लॅब्राडॉरला सव्वादोन वर्षांत तीन खेपा! पालकांनाही एक सांगते. आठ आठवडे ही नुसती कागदावरची मुदत नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावलं, की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. किती जोरात चावायचं नाही, हे पिल्लू तिथंच शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू ते तुमच्या मुलाच्या हातावर शिकू पाहतं.

दवाखान्यातले डॉक्टर माझ्या सांगण्यावरून त्या शेडमध्ये जाऊन आले. कुत्रीला लसी टोचल्या, जंताचं औषध दिलं, पैसे घेतले नाहीत. पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करू, असंही म्हणाले. त्याला तो माणूस तयार झाला नाही. नियम सांगितले, तेव्हा मान हलवली. शेडवर आता गोणपाट टाकलं आहे आणि पाण्याची बादली असते. मी येता-जाता बघते. एवढंच झालं आहे.

पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून त्या मुलीच्या घरी वर्षभर दुसरं पिल्लू आणलं नाही. ती आता पाचवीत आहे. परवा मधल्या सुट्टीत वडिलांचा जुना फोन घेऊन माझ्याकडे आली. शाळेत फोन आणायचा नसतो, पण मी रागावले नाही. जवळच्या गावातली एक जाहिरात होती, पुन्हा गोड फोटो, पुन्हा मोठं नाव.

“बाई, लावू का?”

“लाव.”

तिनं स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस रंग सांगू लागला, किंमत सांगू लागला, वर गळ्यातला पट्टा फुकट. ती थांबून राहिली. मग म्हणाली, “काका, त्याची आई कुठंय? आम्ही येऊन बघू का तिला?”

फोन कट झाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि यादीतला पुढचा नंबर लावला.