आरंभ प्रवाह, इन्व्हर्टरचालित प्रवर्तन चलित्राचा

प्रवर्तन चलित्र म्हणजेच व्यवहारातील इंडक्शन मोटर स्थिर अवस्थेतून गती घेताना जो विद्युत् प्रवाह ओढते, त्याला आरंभ प्रवाह म्हणतात. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्याला थेट जोडलेल्या चलित्रात तो पूर्ण भार प्रवाहाच्या सु. पाच ते सात पट असतो. इन्व्हर्टर मात्र कंप्रता (दर सेकंदाची आवर्तने) व दाब ही दोन्ही कमी मूल्यांपासून एकाच प्रमाणात वाढवीत नेतो. त्यामुळे हा प्रवाह सामान्यतः दीडपटीच्या आत राहतो. तो त्याहून अधिक झाल्यास ते दोषाचे लक्षण होय.

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) या अवर्षणप्रवण जिल्ह्यात कूपनलिकांवरील सौर पंपांमुळे या प्रश्नाला महत्त्व आले आहे. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ३, ५ व ७·५ अश्वशक्तीचे पंप दिले जातात. ज्या पंपांत प्रवर्तन चलित्र असते, तेथे नियंत्रक पेटीतील इन्व्हर्टर सौर पट्ट्यांच्या एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. चलित्र जळाल्यास सर्व नळ उपसून काढावे लागतात आणि तोवर पिकाची पाण्याची पाळी चुकते. नियंत्रक वारंवार बंद पडू लागला की प्रवाहमर्यादा वाढविण्याकडे कल असतो. चलित्रे जळतात ती पुष्कळदा यामुळेच.

प्रथम दाब व कंप्रता यांचे गुणोत्तर पहावे. ते नामपट्टीवरील आकड्यांवरून काढतात. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या चलित्रास ते ८·३ येते. मूळ कंप्रता चुकून २५ हर्ट्‌झ ठेवली गेल्यास अर्ध्या गतीलाच पूर्ण दाब मिळतो, लोहगाभा चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होतो व भार नसतानाही प्रवाह अनेक पटींनी वाढतो. आरंभी दिलेला जादा दाबही हाच परिणाम घडवितो. केंद्रोत्सारी पंपाला लागणारे परिपीडन गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने आरंभी असा दाब फारसा लागत नाही.

गतिवर्धनाचा काळ वाढविल्यास प्रवाह उतरतो. परंतु पाण्यात बुडालेल्या चलित्रात या उपायाला मर्यादा आहे. त्याचा भारवाहक धारवा पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो व कमी गतीला तो थर टिकत नाही. म्हणून सु. ३० हर्ट्‌झपर्यंतचा टप्पा एखाद्या सेकंदात ओलांडावा लागतो.

मांडणी बरोबर असूनही प्रवाह उतरत नसेल, तर वाळूने अडकलेला पंप किंवा केबलच्या जोडातील ओल यांचा संशय घ्यावा. इन्व्हर्टर चालू असताना मधला स्विच लावल्यास चलित्र थेट जोडल्यासारखाच प्रवाह ओढते, हेही कारण असू शकते. प्रवाह चलित्राकडील तारेवर मोजावा. सौर पट्ट्यांकडील आकडा आरंभी लहान व म्हणून फसवा असतो. ढगाळ हवेत पंप थांबतो तो बहुधा एकदिश दाब घसरल्यामुळे. त्यास अतिप्रवाह समजू नये.

निरोधन तपासताना चलित्राच्या तारा इन्व्हर्टरपासून सोडवून घ्याव्यात, नाहीतर मेगरच्या उच्च दाबाने त्यातील ट्रँझिस्टर निकामी होतात. सौर पट्ट्यांचा स्विच उघडल्यावरही धारित्रांत काही मिनिटे घातक भार शिल्लक असतो. तो ओसरेपर्यंत पेटीला हात लावू नये.