शेक, डाग आणि च्यू : एका उपचारसंज्ञेचा अनुवाद

चिनी वैद्यकातील ज्या पद्धतीला आपण सर्रास ‘ॲक्युपंक्चर’ म्हणतो, तिचे मूळ नाव ‘चन-च्यू’ असे जोडनाव आहे. ‘चन’ म्हणजे सुई, ‘च्यू’ म्हणजे उष्णोपचार. युरोपीय संज्ञेने सुई तेवढी उचलली, अग्नी गाळला. युनेस्कोने २०१० साली या वारशाची नोंद केली तेव्हा मात्र दोन्ही अंगे नावात राखली गेली.

या उपचारात ‘ऐ’ नावाच्या वनस्पतीची पाने वाळवून, मुरवून, कुटून कापसासारखी करतात. त्याची कांडी पेटवून त्वचेपासून थोडी दूर धरतात, किंवा आल्याच्या चकतीवर लहान शंकू ठेवून पेटवतात. जुन्या प्रघातात तो थेट त्वचेवर जाळून फोडही आणीत. ज्योतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा याच आर्टेमिसिया वंशातला. मुरण्याचे महत्त्व इतके, की मेन्सियसने राज्यकर्त्यांच्या दिरंगाईसाठी सात वर्षांच्या दुखण्यावर तीन वर्षे मुरलेला ऐ शोधणाऱ्या रोग्याचा दृष्टान्त योजला. ‘च्यू’च्या लिपिचिन्हातही खाली अग्नी आहे आणि वर ‘दीर्घकाळ’ या अर्थाचे अक्षर. ते मुळात उच्चारदर्शक असले तरी अर्थसूचक वाटल्यावाचून राहत नाही.

मराठीत याला काय म्हणावे? भिलाईलगतच्या, रेल्वेयार्डाभोवती वाढलेल्या चरोदा येथे मराठी ‘शेक’, हिंदी ‘सेंक’ आणि छत्तीसगढी ‘आँकना’ शेजारी नांदतात, आणि शब्दांमधले अंतर तेथे चटकन जाणवते. ‘शेक’ म्हणजे बाळंतिणीची शेकशेगडी, विटेची ऊब, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा हात. ‘डाग’ म्हणजे तापलेले लोखंड, शिवाय कलंकही. ‘आँकना’ या डागण्याच्याच बाजूचा. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देण्याच्या प्रथेला ‘डंबा’ म्हणतात, आणि भाजलेली बालके रुग्णालयात आणावी लागतात. च्यूला ‘डाग’ म्हटले तर तो डंब्याच्या पंक्तीला बसतो. केवळ ‘शेक’ म्हटले तर फोड आणणारा प्रकार सोज्ज्वळ होऊन या प्रथेलाच अनायासे आधार मिळतो.

संस्कृत संज्ञाही पुरी पडत नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्म आहे : त्वचेसाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, सांधे व अस्थींसाठी मध, गूळ, स्नेह. साधनांची ही श्रेणी विलक्षण सूक्ष्म आहे, पण हेतू दाहच. ऊब देणारे स्वेदन चरकाने वेगळे मांडले. च्यूमध्ये हे दोन्ही टोकांचे प्रकार सामावतात.

युरोपने पेच टाळला. बटेव्हियातील धर्मोपदेशक बुशॉफ याने सतराव्या शतकात संधिवातावरील ग्रंथात हा उपचार वर्णिला आणि जपानी ‘मोगुसा’वरून ‘मॉक्सा’ रूढ झाला. आयता उसना शब्द प्रश्न झाकतो. मला ‘च्यू’ हीच संज्ञा ठेवून दूर धरलेल्या कांडीला ‘ऐचा शेक’ आणि त्वचा जाळणाऱ्या प्रकाराला निःसंदिग्धपणे ‘डाग’ म्हणणे श्रेयस्कर वाटते, मग वाक्य कितीही अवघडले तरी चालेल.