विमानतळाचा कारभार, लेखांक पाचवा : कुंपणापलीकडची हद्द

विमानतळाचा परवाना दिल्लीहून मिळतो, हे मागील लेखांकात आपण पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे निरीक्षक येतात, धावपट्टी, दिवे, अग्निशमनाची सिद्धता तपासतात आणि समाधान झाले म्हणजे परवान्यावर मोहोर उठते. परंतु ज्या कुंपणाशी विमानतळाची मालकी संपते, त्याच्या पलीकडे काय उभे राहते यावर त्या परवान्याची पुष्कळशी मदार असते. आणि पलीकडच्या त्या जमिनीचे दफ्तर असते महानगरपालिकेकडे, नाही तर एखाद्या ग्रामपंचायतीकडे.

मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे आकाशाची एक तिरपी, रुंदावत जाणारी पट्टी मोकळी ठेवावी लागते. पहिले ३,००० मीटर तिचा चढ पन्नास मीटरला एक मीटर, इतका मंद असतो. विलेपार्ले-सांताक्रूझकडचे रहिवासी तिला ‘फनेल झोन’ म्हणतात, आणि तिच्या छायेतील जुन्या चाळींचा पुनर्विकास का अडला हे कोणत्याही सोसायटीचे चिटणीस, न विचारताही, सांगतात.

२०१५च्या नियमांनी यावर एक तोडगा काढला. विमानपत्तन प्राधिकरण शहराचा रंगीत नकाशा करून पालिकेला देते. नकाशातील रंगाच्या मर्यादेत बसणारी इमारत पालिकेने आपल्या अखत्यारात मंजूर करावी, लाल पट्ट्यात मात्र प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्यावाचून वीटही चढवू नये, अशी ही तजवीज. ऐकण्यास ती सुबोध वाटते. पण नकाशातील उंची जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. समजा, मर्यादा ५० मीटरची आणि भूखंडच १२ मीटर उंचीवर, तर इमारतीच्या वाट्याला ३८ मीटरच उरतात, आणि त्यांतही गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, अँटेना, सारे बसवावे लागते. वास्तुविशारदाच्या आराखड्यात इमारत बसते आणि टाकी बाहेर डोकावते, हा घोटाळा म्हणूनच होतो.

चढलेले उतरवणे तर त्याहून अवघड. हुकूम महासंचालनालयाचा, पण मालकाने तो जुमानला नाही, तर १९९४च्या नियमांन्वये पाडकामाचे ओझे जिल्हाधिकाऱ्यांच्या शिरावर येते. कचऱ्याचीही हीच कथा. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत घाण टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई आहे, कारण घारी तेथे जमतात. पण मटणाच्या दुकानामागचा ढीग उचलावयाचा तो पालिकेच्या मुकादमाने, आणि मुंबईसारख्या शहरात १० किलोमीटर म्हणजे जवळजवळ अर्धे शहर!

पनवेलकडच्या नव्या विमानतळाबाबत मात्र क्रम उलटा झाला. मुंबईत विमानतळाभोवती शहर आपोआप वाढले. येथे २०१३ सालीच भोवतालच्या गावांसाठी ‘नैना’ हे क्षेत्र अधिसूचित होऊन सिडको नियोजन प्राधिकरण झाली, आणि पहिले प्रवासी विमान उडाले ते २५ डिसेंबर २०२५ रोजी. नियोजन आधी आणि धावपट्टी मागाहून, हे शास्त्रशुद्ध खरे. पण या दूरदृष्टीची किंमत गावांनी मोजली, असे माझे मत आहे. नगररचना योजनेत शंभर गुंठे देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती चाळीस गुंठ्यांचा विकसित भूखंड परत येतो, आणि हा हिशेब तेथील अनेकांच्या गळी अद्याप उतरलेला नाही. त्या चाळीस गुंठ्यांचा विचार पुढील लेखांकी करू.