घराचा भाव आणि घराचे कागद

पुण्यात चार परिचित एकत्र आले की हल्ली बोलणे घरांच्या भावावर येते. बिबवेवाडी, सहकारनगर, कोथरूड या भागांतील जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाच्या सभा होत आहेत. वनाज ते रामवाडी मेट्रो धावू लागल्यापासून त्या मार्गालगतच्या घरमालकांच्या अपेक्षाही उंचावल्या आहेत. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातील रेडी रेकनर, राज्यभरात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवला. त्याआधीची वाढ २०२२ मधील. मात्र रेडी रेकनर हा बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्काची आकारणी कोणत्या किमतीखाली होऊ नये, याचा तो सरकारी आधार आहे.

वाढलेला भाव ज्याला घर विकायचे आहे त्याच्याच हाती पडतो. ज्याला त्याच घरात उर्वरित आयुष्य काढायचे आहे, त्याच्या वाट्याला येते ते महापालिकेचे बिल.

पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराच्या करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून चालत आली होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर ती बंद झाली आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. परंतु ज्यांची सवलत निघून गेली होती, त्यांना ती आपोआप परत मिळाली नाही. त्यासाठी पीटी-३ हा अर्ज भरावा लागतो आणि घरात आपण स्वतः राहतो याचे पुरावे जोडावे लागतात : सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, गॅसजोडणीचे कार्ड आणि शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रत. घर भाड्याने दिले की सवलतीचा हक्क संपतो. आपल्या बिलात सवलत धरली आहे की नाही, हे किती जण पाहतात? बहुतेकांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते.

कर थकला तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वर्षाचे चोवीस टक्के झाले. इतक्या महाग दराचे गृहकर्ज मी माझ्या संपूर्ण नोकरीत कोणाला दिले नाही. उलट ठरलेल्या मुदतीत पूर्ण वर्षाचा कर भरणाऱ्यास महापालिका सर्वसाधारण करात सूट देते. पुनर्विकासास संमती देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या घराचा कर जुन्या आकारणीवर चालत असतो. नव्या इमारतीची आकारणी नव्याने होते. वाढीव क्षेत्रफळाचा आनंद होतो, पण वाढीव कर आणि देखभाल खर्च निवृत्तिवेतनातून झेपेल का, याचे गणित सभेला जाण्यापूर्वीच मांडावे.

आता विक्रीविषयी. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आला आणि महागाई निर्देशांकाचा लाभ गेला. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना जुन्या पद्धतीचा, म्हणजे निर्देशांकासह २० टक्क्यांचा, हिशेब करून जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा आहे. समजा, २००४-०५ मध्ये १५ लाखांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकले. त्या दोन वर्षांचे निर्देशांक ११३ आणि ३७६. जुन्या पद्धतीने खरेदीची किंमत सुमारे ४९.९१ लाख धरली जाईल, नफा ४०.०९ लाख आणि कर सुमारे ८.०२ लाख. नव्या पद्धतीने नफा ७५ लाख आणि कर ९.३७ लाखांहून थोडा अधिक. येथे जुनी पद्धत लाभाची. तेच घर दीड कोटीला गेले तर जुन्या पद्धतीने २०.०२ लाख आणि नव्या पद्धतीने १६.८७ लाखांच्या आसपास कर येईल. म्हणजे नवी पद्धत लाभाची. (अधिभार व उपकर येथे धरलेले नाहीत.) म्हणून ‘नवा नियम वाईट’ किंवा ‘नवा नियम चांगला’ असे सरसकट सांगणाऱ्याचे ऐकू नये. दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत.

वडिलोपार्जित घरासाठी मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवसाचे रास्त मूल्य घेता येते, पण ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक असता कामा नये. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच घेऊन ठेवावा.

कागदांच्या बाबतीत आपल्या घरांत एक दुर्लक्ष फार आढळते. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येते आणि मुले ते निमूटपणे भरत राहतात. कराची पावती मालकी सिद्ध करत नाही. सोसायटीतील नामनिर्देशनानेही मालकी मिळत नाही. सोसायटीला व्यवहार कोणाशी करायचा, एवढेच त्यातून ठरते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे आणि मुली यांचा समान हक्क येतो. ‘बहिणी काही मागणार नाहीत’ हे वाक्य कर्जप्रकरणांच्या वेळी मी असंख्य वेळा ऐकले आहे. त्यांना खरोखरच काही नको असेल, तर तसे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. आणि हवे असेल, तर ते मोकळेपणाने मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आई त्या घरात राहत असताना हा विषय काढणे अवघड वाटते, हे खरे. पण तिचे नाव नोंदीवर नसेल, तर पुनर्विकासाच्या करारावर सही कोणाची, नवे घर कोणाच्या नावे आणि तोवरचे भाडे कोणाच्या खात्यात, असे तिन्ही प्रश्न तिच्यासमोरच उभे राहतात, तेही बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात.

वारसांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल तर अधिक सावध राहावे. दोन पद्धतींमधून निवड करण्याची वर सांगितलेली मुभा अनिवासी व्यक्तीला नाही. निवासी विक्रेत्याचे घर ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत मात्र भांडवली नफ्याच्या पूर्ण दराने कपात करावी लागते. प्रत्यक्ष देय कर कमी असेल तर आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळवता येते, पण त्यास वेळ लागतो. त्यामुळे विसार घेऊन खरेदीखताची तारीख ठरवण्यापूर्वीच तो अर्ज गेलेला असावा.